अरुणचा शास्ता

अरुणच्या बायकोचा, नलिनीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होतो. "नाना, अरुण उठत नाहीये," एवढंच म्हणाली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला त्यांच्या घरी पोचलो तोवर अँब्युलन्स येऊन गेली होती. सकाळचा चहा घेताना, खुर्चीत बसल्या बसल्या हार्ट अटॅक... वय चव्वेचाळीस. दीड महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

अरुण आणि मी एकाच कंपनीत कॉम्प्युटरच्या चिप बनवायचो. तो माझ्याहून दहा वर्षांनी धाकटा. वीकेंडला आम्ही सगळे कुणाकुणाच्या घरी जेवायला जमायचो, आणि हा पठ्ठ्या पाच तास ड्राइव्ह करून माउंट शास्ताला जायचा. चौदा हजार फुटांचा बर्फाचा डोंगर. स्की पाठीला बांधून चढायचा आणि बर्फावरून घसरत खाली यायचा. सोमवारी नाक सोललेलं, डोळ्यांभोवती गॉगलचे पांढरे गोल, आणि नुकतं लग्न ठरल्यासारखं हसू. दुरून डोंगर साजरे, असं मी चिडवायचो. "जवळूनही साजरेच असतात, नाना. दम लागतो एवढंच."

चौऱ्याऐंशीच्या वसंतात त्याच्या शेजारच्या उतारावरचा बर्फ कोसळला. दोघंजण गाडले गेले. अरुण सुखरूप परतला, पण नलिनी हादरली आणि माझ्याकडे आली. इथे तिला ना सासरे, ना वडील; वडीलधारा म्हणून मीच. मलाही ते मोठेपण आवडायचं, खोटं कशाला बोलू? पुढच्या शनिवारी, भरल्या घरात, मी अरुणला त्याच्या आठ वर्षांच्या मुलीच्या, मीराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली... पुन्हा शास्ता चढणार नाही. शपथबिपथ न मानणारा माणूस. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात ठेवला.

चार वर्षं त्याने ती पाळली. दर वसंतात झाडं संपतात तिथल्या पार्किंगपर्यंत गाडी न्यायचा, दुर्बिणीतून चढणारी माणसं बघायचा आणि परतायचा. वजन वाढलं, जिना चढताना धाप लागायला लागली. आम्ही म्हणायचो, बरं झालं, संसाराला लागला. डोंगराने त्याला मारलं असतं की नाही, देव जाणे. आम्ही मात्र त्याला थोडं थोडं मारत होतो, हे आता दिसतं आणि जेवण जात नाही.

गेल्या रविवारी नलिनीने गॅरेज आवरायला बोलावलं. भिंतीवर त्याच्या स्की होत्या. हात लावला तर खालच्या बाजूला, बर्फावर नीट घसराव्यात म्हणून लावतात ते मेण, अगदी ताजं. म्हणजे दर हिवाळ्यात तो त्यांना मेण लावत होता, कुणाला न सांगता.

मीरा मागे येऊन उभी राहिली. "नानाकाका, बाबा जायचा थांबला... वॉज इट बिकॉज ऑफ मी?"

"नाही बाळ. माझ्यामुळे."

तिने भिंतीवरची एक स्की काढली, शेजारी उभी राहिली आणि हात वर केला. वर केलेल्या हाताच्या मनगटाशी टोक आलं की स्की आपल्या मापाची, हे त्यानेच शिकवलं असणार. टोक चार बोटं वर राहिलं.

"नेक्स्ट इयर," ती म्हणाली.

नलिनी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, वडीलधाऱ्याने काहीतरी बोलावं म्हणून. मी मीराच्या हातातून स्की घेतली आणि तिचा हात पोचेल अशा खालच्या खुंटीला टांगली.