कानातला कापूस

साखर कारखान्याचा हंगाम संपला की शिरोळच्या आमच्या घरात काही दिवस सुस्तीचे येतात. त्या वर्षी त्या सुस्तीत माझ्या नवऱ्याने ठरवलं की सगळ्यांनी कोल्हापूरला जायचं, तीन दिवस लॉजवर राहायचं आणि मैदानावर लागलेला फनफेअर बघायचा. आमच्या घरातलं कुणी तोवर लॉजवर राहिलं नव्हतं. देवाला गेलं तर धर्मशाळा आणि लग्नाला गेलं तर पाव्हण्यांचं घर, एवढंच माहीत. त्यामुळे सासूबाईंनी, ज्यांना घरात सगळे अव्वा म्हणतात, जीपमध्ये स्टोव्ह, भाकरीचं पीठ, लोणच्याची बरणी आणि स्वतःचा पाण्याचा तांब्याही घेतला.

माझं लहानपण आणि शाळा कोल्हापूरचीच. पण लग्नानंतर वर्षभरातच बाबांची बदली नागपूरला झाली, आणि कोल्हापुरात मला हक्काने जाऊन बसता येईल असं घर उरलं नाही.

बाळ तेव्हा सहा महिन्यांचं होतं. घरातल्यांच्या मते ते फार गुणी होतं. अंगणात ट्रॅक्टर सुरू झाला तरी झोपून राहायचं. जाऊबाईंच्या दोन मुली त्याच्या उशाशी बसून भांडायच्या, किंचाळायच्या, आणि ते मूठ चोखत आढ्याकडे बघत राहायचं. "असलं पोर नशिबानं मिळतंय," अव्वा म्हणायच्या, "त्रास न्हाई की काय न्हाई."

मी तिसऱ्या महिन्यापासून बघत होते. त्याच्या मागे उभी राहून स्टीलचं झाकण फरशीवर टाकत होते. झाकण घरभर घुमायचं, अव्वा स्वयंपाकघरातून ओरडायच्या, आणि मी "निसटलं" म्हणायचे. असं चार-पाच वेळा झाल्यावर धाकटी सून वेंधळी आहे असं घरात ठरून गेलं. ते मला सोयीचं होतं. बारशाच्या दिवशी नणंदेने त्याच्या कानात कुर्रर्र केलं होतं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले होते, हसण्याचा कल्लोळ झाला होता. बाळ झोपेत हललंही नव्हतं. "नाव पसंत पडलं हो!" असं कुणीतरी म्हणालं आणि घुगऱ्या वाटल्या गेल्या. तो प्रसंग मला नंतर पुन्हा पुन्हा आठवायला लागला होता.

एप्रिलमध्ये एका सकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो शर्टाची बटणं लावत होता.

"अहो, मला वाटतं बाळाला ऐकू येत नाही."

त्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं. ते त्याने काढून परत लावलं. "काय बी काय! अगं, दिवसभर बडबडतंय की ते."

"आवाज सगळीच बाळं काढतात. पहिले काही महिने."

"पुस्तकात वाचलंस व्हय?"

पुस्तकातच वाचलं होतं. त्या घरात माझं इंग्रजी शाळेत शिकणं ही चेष्टेची गोष्ट होती, वाईट अर्थाने नव्हे, पण चेष्टेचीच. मी एखादी गोष्ट वाचली आहे म्हटलं की ती खोटी ठरायला निम्मी मदत व्हायची.

चार दिवसांनी त्यानेच विषय काढला. "फनफेअरला जाऊ. तिथं लई दंगा असतोय. तिथं न्हाई दचकलं तर सोमवारी डॉक्टरकडं न्यायचं. दचकलं, तर तू हा इषय परत काढायचा न्हाई. आणि हे अव्वाला कळता कामा नये."

कोल्हापुरात माझ्या शाळेच्या रस्त्यावर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. मी कबूल झाले. म्हणजे ती सहल सगळ्यांना सहल होती, आणि आम्हा दोघांना नव्हती.

शुक्रवारी पोहोचलो, देवीचं दर्शन झालं, रंकाळ्यावर भेळ झाली. शनिवारी संध्याकाळी फनफेअरला निघायच्या आधी अव्वांनी लॉजच्या खोलीत स्टोव्ह पेटवला. मला वाटलं चहा. पण त्यांनी वाटीत गोडं तेल कोमट केलं, कापसाचे दोन बोळे त्यात बुडवून पिळले आणि बाळाला मांडीवर आडवं घेतलं.

"अव्वा, कापूस नको," मी म्हणाले.

"का गं?"

मी टोपडं शोधायला पिशवीत हात घातला.

"वारं लागतंय कानाला. आणि त्या यंत्रांचा आवाज लेकराच्या काळजात बसला म्हंजे? तुमच्या साळंत शिकवत न्हाईत व्हय हे?" जाऊबाई हसल्या. अव्वांनी दोन्ही कानांत बोळे बसवले, वरून टोपडं घातलं आणि हनुवटीखाली नाडी बांधली.

माझा नवरा आरशासमोर भांग पाडत होता. आरशात त्याला सगळं दिसत होतं. त्याने भांग मोडून परत पाडला. तेव्हा मला वाटलं की आमचं ठरलेलं तो विसरला. आता तसं वाटत नाही.

मैदानाच्या फाटकापाशीच कर्णे होते. एकावर गाणं, दुसऱ्यावर हरवलेल्या मुलांची नावं. आत आकाशपाळण्याचं इंजिन धडधडत होतं, विजेवरची आगगाडी शिट्टी मारत गोल फिरत होती, आणि हजारभर माणसं त्यावरून ओरडून बोलत होती. जाऊबाईंची धाकटी मुलगी पाच वर्षांची, ती घाबरून आईच्या पदरात शिरली. बाळ माझ्या खांद्यावरून रंगीत दिवे बघत होतं.

"बघा की," जाऊबाई म्हणाल्या, "एवढी मोठी झाली तरी रडतीया, आणि ह्यो राजा बघा कसा सहल करतोय."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "कापूस हाय न्हवं," तो हळूच म्हणाला, आणि मुलींना घेऊन आकाशपाळण्याच्या रांगेकडे गेला. अव्वा एका भेळगाडीशेजारी सतरंजी पसरून बसल्या. जाऊबाईंना मौत का कुआँ बघायचा होता. एकटीने जायची त्यांना भीती वाटत होती म्हणून मीही गेले, बाळाला घेऊन.

तो लाकडी फळ्यांचा एक मोठा पिंप असतो. बाहेरून जिना चढून वर जायचं आणि काठाच्या गॅलरीतून आत वाकून बघायचं. खाली एक सडपातळ माणूस मोटारसायकलला टेकून उभा होता. जिन्यावरच मी टोपड्याची नाडी सोडली. दोन्ही बोळे काढले आणि रुमालाच्या टोकात बांधले. गाठ दोनदा सुटली.

मोटारसायकलला सायलेन्सर नव्हता. पहिला आवाज झाला तेव्हा माझ्या शेजारचा एक गडी माणूस चक्क मागे सरला. जाऊबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले आणि किंचाळायला लागल्या, "अगं आई आई, पडतोय बघ, मेला गं मेला!" आणि त्या किंचाळतानाच हसत होत्या. मोटारसायकल भिंतीवर चढत चढत आमच्या पायाखालपर्यंत आली, फळ्या हादरल्या, धूर वर आला.

मी फक्त बाळाकडे बघत होते. ते डोक्यावरच्या एका पिवळ्या बल्बकडे टक लावून होतं. डोळ्याची पापणी हलली नाही. मग मी त्याला थोडं खाली घेतलं तर त्याचा तळवा लाकडी कठड्याला लागला. कठडा थरथरत होता. बाळाने हाताकडे पाहिलं. हात उचलला, परत ठेवला, आणि अगदी खूश होऊन हसलं. मोटारसायकल जवळून गेली की हसायचं, लांब गेली की वाट बघायचं.

"अगं कान झाक की त्याचे!" जाऊबाई माझ्या कानाशी ओरडल्या. "कापूस कुठं गेला?"

मी हलले नाही. त्यांनी बाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच्या कानांवरचे हात काढले आणि त्याच्या कानांवर ठेवले. उरलेला सगळा खेळ त्या तशाच उभ्या राहिल्या, स्वतःचे कान उघडे ठेवून. त्याबद्दल त्या आजतागायत बोललेल्या नाहीत.

नवरा मुलींना घेऊन परत आला होता. मी त्याला भेळगाडीच्या पलीकडे बोलावलं आणि सांगितलं. कापूस काढला होता, मौत का कुआँ, काहीच नाही.

"दिव्याकडं बघत आसंल."

"सगळी माणसं दचकली."

"त्याला कळतंय व्हय दचकायचं?" त्याचा आवाज चढला. बाजूला एक पिपाणीवाला उभा होता. नवऱ्याने त्याच्या काठीवरची एक पिपाणी खेचून काढली, आमच्यासमोर आला, वाकला, गाल फुगवले आणि बाळाच्या तोंडासमोर जोरात वाजवली.

बाळाने फुगलेले गाल पाहिले. बारीक झालेले डोळे पाहिले. आणि खळखळून हसलं.

नवऱ्याने परत वाजवली, बाळ परत हसलं. पाय झाडायला लागलं. सतरंजीवरून अव्वा हसायला लागल्या, मुली धावत आल्या. "काका, मला, मला!" पिपाणीवाला म्हणाला, "झ्याक ऐकतंय की पावणं! घ्या आणखी दोन, पोरींना बी."

"ऐकलं की!" माझा नवरा म्हणाला. "बघितलंस न्हवं? ऐकलं की न्हाई?"

त्याचा चेहरा माझ्या अगदी जवळ होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तोवर मी समजत होते की त्याचा माझ्यावर विश्वास नाही. त्या क्षणी मला दिसलं की त्याचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून विश्वास होता, आणि तो त्या बटणाच्या सकाळपासून माझ्याइतकाच घाबरलेला होता. मला एवढंच म्हणायचं होतं की मागून वाजवा. दोन शब्द. शाळेत बाई प्रश्न विचारायच्या तेव्हा उत्तर येत असूनही माझा हात वर जायचा नाही, आणि कुणीतरी दुसरी चुकीचं उत्तर देऊन खाली बसायची. पण तेव्हा त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "ऐकलं."

मग तो उधळलाच. सगळ्यांना उसाचा रस, मुलींना आता आगगाडी. आणि शेवटी फोटो. एका तंबूत पुठ्ठ्याचं विमान केलेलं होतं, त्याच्या खिडक्यांतून तोंडं बाहेर काढून बसायचं. अव्वा विमानात बसायला तयार होईनात. "पडलं तर?" म्हणाल्या, आणि सगळे हसले, त्याही हसल्या. शेवटी त्या पुढे, मागे जाऊबाई आणि मुली, आणि शेवटच्या खिडकीत मी, बाळ आणि नवरा.

समोर दोन मोठे दिवे लावलेले होते. त्यांच्या मागे फोटोवाला अंधारात होता, त्याचा नुसता आवाज येत होता.

"बाळाला इकडं बघू द्या ताई."

बाळ माझ्या तोंडाकडे बघत होतं. फोटोवाल्याने चुटक्या वाजवल्या. जीभ टाळ्याला लावून टक्-टक् केलं. मग खुळखुळा काढला आणि वाजवायला लागला. "ए राजा! ए सोन्या! इकडं, इकडं!" खुळखुळा वाजतच राहिला. मुलींनी आधी हाका मारल्या, मग त्यांना कंटाळा आला. फोटोवाल्याने पत्र्याचा डबा बडवला. "बघंना की हे!" तो म्हणाला. "ताई, झोप आलीय काय त्याला?"

अव्वांनी मान वळवली आणि बाळाकडे पाहिलं. माझ्या दंडाला नवऱ्याचा दंड लागलेला होता, तो मला आधी सैल आणि मग लाकडासारखा झालेला जाणवला.

"दाबा की आता बटन," तो म्हणाला. "किती येळ लावताय?"

तो फोटो आमच्या घरात पुढच्या खोलीत लावला आहे. आलेले पाव्हणे विमान बघून हसतात. बाळ माझ्याकडे बघतंय, मी समोर बघतेय, आणि नवऱ्याची मान खाली आहे. त्याचे डोळे मिटलेले आलेत असं अव्वा सांगतात, दिव्यांमुळे.

रविवारी जेवण करून आम्ही निघालो. डॉक्टरांचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही. मी हो म्हणाले होते, आता ते मागे घ्यायचं तर आधी त्याच्या तोंडावर त्याचंही खोटं दाखवावं लागलं असतं. कोल्हापूर सोडल्यावर लगेच, शिरोलीच्या कारखान्यांपाशी, मुलींनी पिपाण्या काढल्या. एरवी अशा वेळी "गप बसा गं, पोर उठंल," म्हणणाऱ्या अव्वा खिडकीबाहेर बघत होत्या. मुली घर येईपर्यंत वाजवत राहिल्या. बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं.

सोमवारी मी उठले तेव्हा नवरा पाणी पाजायला मळ्यात निघून गेला होता. बाळ जागं होतं, मला बघून त्याने हात वर केले. रोज या वेळी मी त्याच्याशी बोलायचे. आज काय वार आहे, बाहेर किती ऊन आहे, आजी चहा घेतायत, असलं काहीतरी, मराठीत आणि कुणी नसेल तर इंग्रजीतही. त्या सकाळी मी त्याला उचललं, दूध पाजलं, पुसलं, कपडे बदलले. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मी एक शब्दही बोलले नाही, आणि त्याला त्याचा काहीच फरक पडलेला नाही.