अळंबी तो की ती

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात दादा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे इंग्लंडात लीड्सला आले. उभा जन्म पुण्याच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. आई गेल्यापासून त्यांचं कशातच मन नव्हतं. फक्त संध्याकाळी किचन टेबलाशी माझ्या बारा वर्षांच्या लेकीचा होमवर्क घेताना जुने दादा दिसायचे.

एकदा मी हॉस्पिटलच्या शिफ्टवरून घरी येते, तो लेक तणतणतेय. अळंबी ही वनस्पती, या दादांनी सांगितलेल्या उत्तरावर मिसनं फुली मारली होती.

"आजोबा, अळंबी वनस्पती नसतो!"

"नसतो नाही, नसते," दादा म्हणाले. "आणि वनस्पतीच असते."

मी दमलेली, त्यात मुळातच तापट. "अहो दादा, तुमचं सगळं जुनं झालं! बुरशी-अळंबीची आता सृष्टीच वेगळी धरतात. पोरीला चुकीचं नका ना शिकवू!"

दादा हळूच म्हणाले, "आम्हाला दोनच सृष्टी होत्या. हलतो तो प्राणी, उगवते ती वनस्पती. पुढे सूक्ष्मजीव वेगळे काढले, तेही मी शिकवलं. ह्याची मात्र खबरच लागली नाही गं. किती पोरांना चुकीचं सांगितलं मी!"

माझीच जीभ हासडावीशी वाटली मला.

त्यानंतर ते टेबलाशी बसेनात. लेकीनं वही आणली की "मिसला विचार" म्हणायचे. मी माफी मागितली, तर म्हणाले, "तू बरोबरच बोललीस." आणि परतीचं तिकीट आधीच्या तारखेचं मिळेल का, म्हणून विचारलं. मला रडू फुटलं.

शनिवारी मी भांडी घासत होते. दादा शाळेत घालायचे तसा इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले, कोरी वही उघडून लेकीसमोर बसले.

"बाई, शिकवा."

"मी? मी मिस?"

"हो. तुमच्या सृष्टी किती नि कोणत्या, ते सांगा."

ती चक्क गंभीर झाली. एकेक सांगत गेली, दादा मान खाली घालून लिहीत गेले. अळंबीपाशी मात्र ती अडखळली.

"आजोबा, अळंबी तो की ती?"

दादांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला.

"ती," म्हणाले. "तेवढं अजून बदललेलं नाही, बाई."