खळ लावलेलं पांघरूण

लढाईच्या दिवसांत मी राजूरच्या शाळेत मास्तर होतो. आमची पहिली मुलगी कोपरगावला, हिच्या माहेरी, आठव्या महिन्यातच झाली. ओंजळीत मावेल एवढी. सासूबाईंनी सासऱ्यांकडून पत्र लिहवून घेतलं, की राजूरची थंडी आम्हाला ठाऊक आहे, लोकरीचं चांगलं पांघरूण स्वतः बघितल्याशिवाय मायलेकींना तिकडे ठेवणार नाही. बाजारात लोकर औषधालाही मिळत नव्हती. मी उलट टपाली कळवलं, काळजी नसावी, पांघरूण मी स्वतः विणत आहे. तोवर सुई मी फक्त पायातला काटा काढायला हातात धरली होती.

शेजारी शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या बायकोला सगळी आळी चाची म्हणायची. गिऱ्हाइकाशी बाहीच्या लांबीवरून वाद घालता घालता, खाली न बघता, ती क्रोशाच्या सुईने जाळीदार रुमाल विणायची. माझा बेत असा, की विणेल चाची आणि नाव होईल माझं. तिने बेत ओळखला. दुकानाची काजं-बटणं तिच्याच गळ्यात होती.

"शिकवीन," ती म्हणाली, "पर इनायचं तुमीच. पत्रात तुमी लिवलंय."

लोकरीची तोडही तिनेच काढली. नगरच्या जुन्या बाजारातून पलटणीचे फाटके स्वेटर आणवले, ते उसवून, धुऊन, त्याचे गुंडे केले. सगळी लोकर खाकी. सुईसुद्धा तिने छत्रीची काडी घासून, टोकाला आकडा करून दिली.

साखळी, खांब, मुका खांब ही टाक्यांची नावं मला दोन दिवसांत पाठ झाली. त्यांवर मी तासभर व्याख्यान दिलं असतं. हात मात्र वर्गातल्या शेवटच्या बाकावरचे निघाले. प्रत्येक ओळीचा शेवटचा खांब मी विसरायचो. हातभर विणून झाल्यावर उलगडून पाहिलं, तर खाली रुंद आणि वर निमुळतं.

"पोरीला पांघरून करताय का देवळाला झेंडा?" चाचीने विचारलं, आणि सगळं उसवायला लावलं. मग मी खांब मोठ्याने मोजू लागलो. मुलं गणितं सोडवत असताना मधल्या सुट्टीपर्यंत माझं चौऱ्याहत्तर, पंच्याहत्तर चाललेलं असायचं.

महिन्याभरात पांघरूण चौकोनी झालं. काठ तेवढा राहिला होता. सासूबाई चार दिवसांनी मायलेकींना घेऊन येणार होत्या. तिथेच थांबायचं, तर मला शहाणपण सुचलं. बाजारात घोंगडीवाला नव्या घोंगडीला चिंचोक्याची खळ देताना मी पाहिला होता. खळीने वारा आत शिरत नाही, म्हणे. चाचीला हे कसं सुचलं नाही, म्हणून मला तिची जरा कीवच आली. मी चिंचोके शिजवले, वाटले, आणि रविवारी पांघरुणाला दोन्ही अंगांनी खळ चोपडून उन्हात घातलं.

संध्याकाळी ते भिंतीला टेकवून उभं करता येत होतं. घडी घालायला गेलो, तर मधोमध चार टाके तुटले. तसंच काखोटीला मारून चाचीकडे नेलं. तिने बोटाच्या पेराने त्यावर टकटक केलं.

"मास्तर, पोरगी झाकायची हाय का कोंडायची?"

तिने काजांचं काम बाजूला सारलं, कोमट पाणी केलं, रिठे चुरले. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. पाणी पिठासारखं निघालं. ते ओतलं, दुसरं घेतलं. असं दोन दिवस. मी फक्त पाणी वाहिलं. मग बाजेवर सपाट पसरून वाळवलं आणि तुटलेल्या जागी तिने एकेक टाका उचलून असा सांधला, की तो सांधा मला नंतर बोटांनीही सापडला नाही. काठ तिने मुद्दाम ठेवला. "तो बापाचा," म्हणाली. तो मी पहाटे उठून पुरा केला.

सासूबाईंनी आल्या आल्या पांघरूण मागितलं. ताणून पाहिलं, उजेडाला धरलं, गालाला लावलं. एका कोपऱ्यावर त्यांचा अंगठा थांबला.

"हा कोपरा असा कडक का, जावईबापू?"

खोटं बोलायला तोंड उघडलं आणि सगळं खरंच सांगून टाकलं. सासूबाई हसल्या नाहीत. तुटलेली जागा कुठली, ते शोधत राहिल्या. सापडेना, तेव्हा म्हणाल्या, त्या बाईंना भेटायचंय. दुपारभर दोघी ओट्यावर बसल्या होत्या. एकीच्या हातात सुई, दुसरीची नजर सुईवर. चहा मी केला, आणि विणकामात लुडबुड करू नका असं दोघींनीही बजावलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई एकट्याच मोटारीत बसल्या. पोर खाकी पांघरुणात, नव्या शिपायासारखी, हिच्या खांद्यावर झोपली होती.

"ठेवून चाललेय दोघींना," सासूबाई म्हणाल्या. "पांघरूण धुवायला झालं, की चाचींकडे द्या. तुम्ही हात लावू नका."