एका छिद्राच्या फ्लॉपी

ते प्रकरण आजही लख्ख आठवतं, ते पंचनाम्याच्या मसुद्यातल्या एका शब्दामुळे. शब्द होता 'कोऱ्या'.

पोलीस खात्यातली माझी शेवटची नेमणूक महाडला होती. बिरवाडीजवळच्या एका वर्कशॉपच्या मालकाने लेखी तक्रार दिली. त्याचं जुनं सीएनसी लेथ मशीन भाग कापण्याच्या सूचना फक्त फ्लॉपीवरून घेत असे आणि त्या सगळ्या फ्लॉपी गायब होत्या. मशीनला गिऱ्हाईक आलं होतं. फ्लॉपी नसतील, तर मशीन भंगाराच्या भावात जाणार होतं. संशय ते चालवणाऱ्या ऑपरेटरवर होता. मशीन विकतोय, तुझं काम संपलं, असं त्याला नुकतंच सांगण्यात आलं होतं. हेतू उघड दिसत होता. इतका उघड हेतू दिसला की मी सावकाश चालतो.

खबर स्टँडवरच्या चहावाल्याने दिली. ऑपरेटर पत्र्याचा डबा छातीशी धरून पोलादपूरच्या गाडीत बसला होता. उमरठच्या बाजूला त्याचं घर. आम्ही गेलो तेव्हा डबा फळीवर समोरच होता. आत तांदूळ आणि तांदळात पुरलेली फ्लॉपींची कापडी पुरचुंडी.

"तू घेतल्यास?"

"घेतल्या. पावसात शेडला ओल येते, बुरशी चढते. तांदळात सुक्या राहतात. दरसाल आणतो. मोठ्या शेठनी सांगितलेलं."

मोठे शेठ म्हणजे मालकाचे वडील. ते हयात नव्हते.

पोलीस ठाण्यात मालकाचा मुलगा लॅपटॉप आणि वायरने जोडायचा नवा फ्लॉपी ड्राइव्ह घेऊन आला. ड्राइव्ह चालतो हे त्याने स्वतःची एक फ्लॉपी घालून दाखवलं. मग जप्त केलेली घातली. पडद्यावर सूचना आली: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करायची का? दुसरी घातली, तेच.

"बघा साहेब, सगळं पुसून टाकलंय," मालक म्हणाला. मुलाचं बोट 'होय'कडे गेलं.

"हात काढ," मी म्हणालो. मुद्देमालात फेरफार करायचा नसतो, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ते बटण दाबलं असतं तर फ्लॉपी खरोखरच पुसल्या गेल्या असत्या आणि तो माणूस गुन्हेगार ठरला असता.

त्याला समोर बसवलं.

"राग आला होता?"

"आलेला."

"मग पुसल्यास?"

"पुसल्या नाय. राग शेठवर हाय, मशीनवर नाय."

प्रश्न फिरवून फिरवून विचारला. उत्तर हललं नाही.

महिला हवालदार वस्तूंचं वर्णन लिहीत होत्या. फ्लॉपी कोऱ्या आढळल्या, इथवर मजकूर आला होता. पंच कंटाळले होते. "सायेब, असली खेळणी अजून चालतात काय?" एकाने विचारलं. तेवढ्यात हवालदारबाईंनी मान वर केली.

"साहेब, छिद्रं किती लिहू? जप्त केलेल्यांना एक आहे. यांच्या मुलाच्या फ्लॉपीला दोन."

मी दोन्ही शेजारी ठेवल्या. फरक स्पष्ट होता. बाजारातल्या संगणक दुरुस्तीवाल्याला बोलावलं. एका छिद्राच्या फ्लॉपी जुन्या, कमी क्षमतेच्या, असं तो म्हणाला. कित्येक नवे ड्राइव्ह त्या ओळखतच नाहीत.

ठाण्याचा एक जुना संगणक निकामी ठरून निर्लेखनाच्या यादीत पडून होता. दुरुस्तीवाल्याने त्याला तितकाच जुना ड्राइव्ह जोडला. ड्राइव्हचा दिवा पेटला, तो विझेचना. केबल उलटी बसली होती. ती काढून सुलट लावली. आधी मुलाची फ्लॉपी घालून खात्री केली, मगच मुद्देमालातली घातली. ड्राइव्ह करकरला. पडद्यावर फाइलींची नावं आली.

"हा पंपाचा शाफ्ट," ऑपरेटर मागून म्हणाला. "ही फ्लँज."

मालक पडद्यावरून त्याच्याकडे वळला. "घरी नेतोयस, हे मला सांगायचंस ना रे."

"सांगणारच होतो, शेठ. तुमी आधी सांगितलंत, काम संपलं."

मालकाने तक्रार मागे घेत असल्याचा जबाब दिला. फ्लॉपी त्याला परत गेल्या. डबा मात्र ऑपरेटरने मागून घेतला. तांदूळ घरचे होते.

मसुद्यातलं 'कोऱ्या आढळल्या' मी खोडायला लावलं आणि लिहायला सांगितलं: 'सदर ड्राइव्हवर वाचता आल्या नाहीत.' नोकरीत कित्येक माणसं माझ्यासमोर गप्प बसली होती आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, असा शेरा आम्ही मारला होता. त्या प्रकरणानंतर निवृत्त होईपर्यंत तो शेरा मी एकाही कागदावर येऊ दिला नाही.