गुरुवारचं विमान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलं नव्हतं. आमच्या डबरा गावातली शाळा संपल्यावर तिने मला ग्वाल्हेरला, शिंद्यांच्या छावणीतल्या तिच्या दोन खोल्यांत, आणून ठेवलं. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन तिने स्वयंपाकघरात नेलं आणि ती खोली मला अभ्यासाला दिली.

आता मी इंदूरला नोकरी करतो. तिथे मला मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्याने सांगायचं. मला बहीण नाही, तेव्हा तो मान माझ्या आत्याचाच. पण तिची कंबर गेलेली. रेल्वेने रात्रभर, बसने त्याहून वाईट. विमानाने मात्र जेमतेम तासाभराचं अंतर. बारसं शुक्रवारी होतं. विमान रोज नव्हतं. त्याआधीचं शेवटचं गुरुवारी. तिकिटं काढून मी तिला न्यायला आलो.

"गुरुवारी दक्षिणेला?" आत्याने चष्मा काढला. "दिशाशूल असतं, त्या दिवशी तिकडे निघू नये, एवढंही ठाऊक नाही? बाळाच्या कामाला अशी निघू?"

तिकिटं काढताना मी वेळ पाहिली होती, भाडं पाहिलं होतं. दिशा पाहायचं सुचलंच नव्हतं. समोरच्या वहिनी मदतीला आल्या.

"अहो ताई, हवेत काहेका दिशाशूल? पायलट गोल फिरवून नेतो."

"तू गप बस. तू तर सासरीही अमावास्येला आलीस."

"म्हणून तर नवरा असा मिळाला!"

आत्या हसली, पण हो म्हणाली नाही. ती आली नाही तर बारसं पुढे ढकलावं, असं मी मनात ठरवत होतो. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, "तुझं ते विमानतळ आहे कुठे?"

"शहराबाहेर. गोला का मंदिरच्याही पुढे."

"म्हणजे उत्तरेला."

"हो, तसं उत्तरेलाच."

"मग मी गुरुवारी घरून उत्तरेलाच निघतेय की! पुढे विमान कुठे का जाईना, ते त्याचं त्याने बघावं." आणि ती कपाटातून पैठणी काढायला उठली.

ऑटोने विमानतळ गाठायला जवळजवळ विमानाइतकाच वेळ लागला. नई सडकवरच्या गर्दीत आत्या जितकी घाबरली, तितकी आकाशात घाबरली नाही. पंख्यांचं छोटं विमान पाहून एवढंच म्हणाली, "हे तर टेम्पोएवढं आहे." चहा संपतो न संपतो तोच उतरायची सूचना झाली. "झालं?" ती म्हणाली. "माझा जप अर्धाच झालाय."

शुक्रवारी तिने पाळण्यावर वाकून नाव सांगितलं. महिनाभर राहून ती परत गेली. फोनवर तिला नीट ऐकू येत नाही, म्हणून सहा महिन्यांनी मी तिला हे पत्र पाठवलं:

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे मजेत आहोत. तू मला शिकवलंस, हे मी तुला तोंडावर कधी नीट बोललो नाही, म्हणून लिहून कळवतो. मुलगी आता रांगायला बघते. तू सांगितलेल्या नावाने हाक मारली की लगेच वळून हसते. परवा कुणीतरी लाडाने दुसऱ्याच नावाने बोलावलं, तर तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

तुझा भाचा