अर्थशास्त्राचे सत्तावीस

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या पेपरात मला सत्तावीस मार्क पडले. पास व्हायला पस्तीस लागत. बाकी सगळ्या पेपरांत पन्नाशीच्या आसपास, आणि ज्या पेपरात तीन पुरवण्या जोडून बोटं दुखेस्तोवर लिहिलं, त्यातच नेमके सत्तावीस! मार्कशीट हातात आली तेव्हा मी रडले नाही, मला राग आला. एखादी पुरवणी दोरा सुटून कुठे तरी पडली असणार, नाहीतर बेरजेत घोळ झाला असणार, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट ही. आपला पेपर आपल्याला दाखवत नसत. फेरमोजणीचा अर्ज द्यायचा, मग आतला कुणीतरी मार्कांची बेरीज पुन्हा करणार आणि एका ओळीचं पत्र पाठवणार. ती एक ओळ मला हवी होती. आमच्या आळीत बी.ए.पर्यंत गेलेली मी पहिलीच मुलगी, आणि बाया आईला विचारू लागल्या होत्या, "पोरगी नापास झाली म्हणे वं?" चूक माझी की युनिव्हर्सिटीची, एवढं मला ठरवून हवं होतं.

आम्ही उमरेडला राहत होतो. युनिव्हर्सिटीचं ऑफिस नागपुरात. पहिल्या खेपेला फॉर्मच संपले होते. दुसऱ्या खेपेला फॉर्म मिळाला, तर त्यावर प्राचार्यांची सही पाहिजे. कॉलेजात गेले तर प्राचार्य मुलीच्या लग्नासाठी गावाला. सही मिळवून तिसऱ्या खेपेला एकदाचा अर्ज दिला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात ते उगाच नाही. ऊन असं की एस.टी.च्या खिडकीचा गज हाताला लागला तर चटका बसावा. नाकी नऊ आले नुसते.

चौथ्या खेपेला बाबा सोबत आले. बाबा हातमागावर लुगडी विणायचे. विणलेला माल विणकरांच्या सोसायटीत नेऊन द्यायचा आणि तिथला तपासणारा बाबू काय म्हणतो ते मान खाली घालून ऐकायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. त्याने चांगल्या लुगड्यात खोट काढली तरी बाबा तोंड उघडत नसत. जो एकदा भांडला, त्याच्या पुढच्या प्रत्येक लुगड्यात खोट निघते, हे सगळ्या विणकरांना ठाऊक. हे मलाही ठाऊक होतं, पण मला वाटायचं की ते सोसायटीपुरतं आहे.

त्या दिवशी खिडकीवरच्या बाबूने तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा न हलवता सांगितलं, फाइल वर गेली, पंधरा दिवसांनी या. मी तापट, जन्मापासूनची. मी म्हटलं, वर म्हणजे कुठे, आभाळात? अन् पुष्कळ बोलले. रांगेतले लोक हसले. बाबा भिंतीला लागून, टोपी हातात घेऊन उभे होते. बाकावर जागा होती तरी बसले नाहीत.

परतीच्या गाडीत बसल्यावर बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग म्हणाले, "आक्टोबरले तू पुन्हा बसशीन, तवा तुया पेपर कोन तपासन?"

मी म्हटलं, कुणीही तपासेल, मला काय माहीत.

"मंग ह्याच लोकायच्या हातात जाईन ना. पान्यात राहून माशाशी वैर काहून करून राहिली तू?"

मी इतकी दमले होते की पेपर तपासणारे वेगळे अन् हे बाबू वेगळे, एवढंही समजावून सांगायचं त्राण नव्हतं. त्याचा पस्तावा अजून होतो.

पंधरा दिवसांनी मी एकटी गेले. बाबूने या वेळी फाइल लगेच काढली. म्हणाला, "ताई, तुमच्या वडलानं तर अर्ज वापस घेतला. सोमवारीच येऊन गेले."

सोमवारी बाबा सूत आणायला नागपूरला गेले होते. निदान घरी तसं सांगून गेले होते. बाबूने कागद पुढे सरकवला. बाबांचं ते एकेक अक्षर वेगळं काढलेलं लिहिणं. मुलगी अजाण आहे, तिच्याकडून चूक झाली, साहेबांनी मोठ्या मनाने माफी द्यावी व राग धरू नये. खाली सही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा अर्ज देते म्हटलं, तर मुदत संपलेली.

उमरेड येईपर्यंत मी मनातल्या मनात बाबांना वाट्टेल ते बोलून घेतलं. घरी आले तेव्हा ते मागावर बसले होते. मला पाहून हात थांबवले आणि खाली बघतच विचारलं, "काय म्हने आफिसात?"

सगळं तोंडाशी आलेलं होतं, अन् निघालं भलतंच. मी म्हटलं, "मोजणी बरोबर आहे म्हणे. सत्तावीसच आहेत."

अर्जच उरला नव्हता, तर मोजणी कुठली? मी खोटं बोलतेय हे त्या घरात एकट्या बाबांनाच कळत होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "थकली अशीन. जेवून घे." मी जेवले नाही, तशीच पडून राहिले.

ऑक्टोबरला बसले. तेच प्रश्न, जवळजवळ तीच उत्तरं. त्रेपन्न पडले. सत्तावीस खरे होते की खोटे, ते मला कधीच कळलं नाही, आणि आता कळण्यासारखं काही उरलेलं नाही.

मार्कशीट आली तेव्हा बाबांनी ती दोन्ही हातांनी धरली, अर्थशास्त्राच्या ओळीवर बोट ठेवलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "राग नाई धरला त्यायनं."

मी हो म्हटलं.