डचेसच्या पोटावरचे केस

हेटी क्लेगबद्दल कुणी चांगलं बोलायला लागलं की मी तिथून उठते. वाईट बोलायला लागलं तरी उठते, कारण मग मलाही तोंड उघडावं लागेल. टॉडमॉर्डनच्या आमच्या गल्लीत तिच्या शेजारी मी सव्वीस वर्षं काढली. दोघींच्या घरांत एकच भिंत, तीही एका विटेची. तेव्हा मला काय ठाऊक आणि काय नाही, हे मला कुणी शिकवू नये.

तिचा नवरा ईनक आणि मी एकाच गिरणीत, कापूस पिंजायच्या एकाच कार्डिंग खात्यात होतो. मी लग्न झाल्यावर सुटले, तो तीस वर्षं तिथेच कापसाची धूळ खात राहिला. पन्नाशीला आला तेव्हा छाती कामातून गेली होती. जिना चढवेना, म्हणून त्याचा पलंग खाली पुढच्या खोलीत शेगडीजवळ आणून ठेवला. बोलताना चार शब्द झाले की थांबायचा, पुढच्या चार शब्दांसाठी हवा गोळा करायचा. माणूस मात्र गमत्या होता. मला म्हणायचा, “ऑलिव्ह, अख्ख्या इंग्लंडच्या बनियनी माझ्या छातीत आहेत.”

आणि त्याच खोलीत, खिडकीखाली, हेटीचा ससा. अंगोरा जातीची पांढरीशुभ्र मादी, नाव डचेस. पुरी वाढली तेव्हा तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे कान पाहून ठरवावं लागायचं. स्वयंपाकघरात ठेवता येत नव्हती, तिथे कपडे उकळायची वाफ, आणि वाफेने केस चिकटतात. परसातल्या खोपटात ओल. शेगडीजवळही नाही, उबेने केस गळतात. म्हणून खिडकीखाली. त्या सशाला काय चालतं आणि काय चालत नाही हे हेटीला तोंडपाठ होतं. नवऱ्याला काय चालतं ते विचारायची वेळ तिच्यावर आली नव्हती.

रोज दुपारी जेवणं आटोपली की ती डचेसला मांडीवर घेऊन बसायची. कंगवा नाही, कंगव्याने केस तुटतात. मऊ कुंचला आणि तोंडाची फुंकर. फुंकर मारली की केस दोन्हीकडे पडून आतली गुलाबी कातडी दिसायची. तेवढी रेघ कुंचल्याने साफ करायची, मग बोटभर पुढे पुन्हा फुंकर. कानामागे, काखेत, पोटावर गुठळी होऊ द्यायची नाही. झालीच तर बोटांनी उकलायची, कात्री लावायची नाही. दीड-दोन तास चालायचं. सुटलेले केस खोलीभर तरंगत राहायचे आणि ईनक तोंडाला रुमाल दाबून भिंतीकडे वळून पडलेला असायचा. तिच्या छातीत त्या जनावरासाठी एवढी हवा कुठून येते, असं मला नेहमी वाटायचं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की हे केस त्याला पुढचा हिवाळा पाहू देणार नाहीत. हेटी म्हणाली, वसंतातलं सशांचं प्रदर्शन होऊ दे. ते झालं. मग म्हणाली, नोव्हेंबरचं होऊ दे. तिच्या बापाने नोव्हेंबरचा कप चार वेळा घेतला होता, तिला एकदाही मिळाला नव्हता. ईनकने दोनदा विनवलं, एकदा भांडला. भांडण चार शब्दांवर अडलं आणि तिने ते संपलं असं धरलं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडच्या ससेवाल्यांत नापास ससा कुणी पोसत नाही. शनिवारी परीक्षकाने बाद केला की रविवारी तो पाईमध्ये, म्हणजे मैद्याच्या पारीत घालून भाजलेला. हेटीच्या बापाची तीच रीत, तिचीही तीच. तिच्या टेबलावर बसून पाच नापास ससे मीही खाल्लेत, खोटं कशाला बोलू. वरचं आवरण ती फार खुसखुशीत करायची.

ईनकने तेवढ्यावरच सगळा भार टाकला. प्रदर्शनाच्या सकाळी हेटीने डचेसवर शेवटचा हात फिरवला, तिला पेटीत बसवलं आणि गाडीवाल्याला बोलवायला ती कोपऱ्यापर्यंत गेली. ईनकने काठीने भिंत ठोकली. मी गेले तर हा कात्री घेऊन पलंगावर बसलेला.

“धर तिला,” म्हणाला. “उलटी. पोट वर कर.”

सशाची कातडी कागदासारखी असते. एकाने नीट धरल्याशिवाय पोटावर कात्री चालवली तर ती फाटते. मी नाही म्हणू शकले असते. पण त्याचे ओठ निळे पडले होते, आणि खरं सांगायचं तर हेटीच्या नाकावर टिच्चून काही करायला मलाही आवडणार होतं. मी धरली. ती गपगार पडली. लोकांना वाटतं उलटा धरला की ससा सुखावतो. कसला सुखावतोय, भीतीने गारठतो. ईनकने तळहाताएवढा भाग अगदी कातडीलगत कापला, केस शेगडीत टाकले आणि हसला. मी डचेसला पेटीत ठेवली आणि घरी जाऊन टोपी घातली, कारण हेटीबरोबर प्रदर्शनाला मीच जाणार होते.

परीक्षक होते पिलिंग, पांढरा कोट घातलेले. त्यांनी डचेसच्या पाठीवर फुंकर मारली आणि मान डोलवली. कान पाहिले, नखं पाहिली. शेजारच्या बायका हेटीचं अभिनंदन करायला पुढे सरकल्यासुद्धा. मग त्यांनी तिला उलटं केलं.

“क्लेगबाई,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “गुठळ्या झाल्या होत्या तर घरी बसायचं. कात्री लावून आम्हाला फसवायला यायचं नाही. तुमचे वडील असते तर शरमले असते.”

मागे कुणीतरी हसलं. हेटीने त्या उघड्या पोटावरून एकदा बोट फिरवलं, दोनदा फिरवलं. मग डचेसला पेटीत ठेवलं. परतीच्या वाटेवर मी आपली पावसापाण्याचं बोलत होते.

घरी ईनक केस विंचरून बसला होता. म्हणाला, “काय मग. उद्या पाई का?”

हेटीने टोपी काढली. कपाटातून कात्री घेतली आणि माझ्याकडे वळली. “ऑलिव्ह, धर.” मी काही बोलणार तोच म्हणाली, “कातडीला एक ओरखडा नाही. हे एकट्याचं काम नाही. तुला धरता येतं, मला कळलंय. धर.”

मी धरली. ईनकच्या पलंगापासून दोन हातांवर तिने त्या सशाची वर्षभराची मेहनत मुळापासून कातरली. खोलीत सगळीकडे पांढरं झालं. ईनक खोकत होता, ती कातरत होती. शेवटी उरलं ते मांजराच्या पिल्लाएवढं, गुलाबी, थरथरणारं काहीतरी. मला वाटलं आता मान मुरगाळेल. ईनकलाही तेच वाटलं असणार, तो खोकता खोकता टक लावून बघत होता.

“नवे केस येतील,” हेटी म्हणाली. “पण तोवर हिला थंडी सोसायची नाही. शेगडीजवळची जागा लागेल.” मग नवऱ्याला अगदी मायेने म्हणाली, “आणि तुला केस नकोत ना, ईनक? वरच्या खोलीत एक केस नाही. डॉक्टरांचंही ऐकल्यासारखं होईल.”

वरच्या खोलीत शेगडी नव्हती. नोव्हेंबरपासून तिथल्या काचेला आतून बर्फ धरायचा. ईनकने माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरात शेगडी होती, तिच्यासमोर रिकामा कोच होता, आणि मधे एक वीट. चल माझ्याकडे, एवढंच म्हणायचं होतं. पण हेटी माझ्याकडे बघत होती आणि उद्या गल्लीत काय काय बोलेल ते मला ऐकू येत होतं. मी त्याची उशी उचलली.

तेरा पायऱ्या चढायला त्याला अर्धा तास लागला. प्रत्येक पायरीवर तो थांबायचा आणि मी खालच्या पायरीवर उशी धरून उभी राहायची. वर पोचल्यावर त्याला पांघरूण घातलं. पुष्कळ वेळाने म्हणाला, “जाताना दार लावून घे, ऑलिव्ह. केस येतील वर.”

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. भिंतीतून खोकला यायचा थांबला, त्यावरून मला कळलं. त्याला पुरून आलो त्या दिवशी हेटीने सगळ्यांना चहा आणि हॅम दिलं. मी निघाले तेव्हा दारात म्हणाली की डचेसचे केस दोन बोटं आलेत, आता पोटाकडून कुंचला फिरवायला हवा, आणि त्यासाठी तिला धरणारं कुणीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. वसंतातल्या प्रदर्शनापर्यंत रोज गेले.